टोपली मी धरतो

काल बालाघाटच्या गुजरीत, भाजीबाजारात, मोहफुलं दिसली. एक म्हातारी गोणपाटावर छोटासा ढीग मांडून बसली होती. गिऱ्हाईक एकही नव्हतं, माशा मात्र भरपूर. मी भाजी विसरून तिच्यासमोर उभी राहिले. सोबत नात होती. तिने ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "दादी, चलो ना, कैसी बदबू है!"

बदबू! माझं अख्खं बालपण ज्या वासात गेलं त्याला माझीच नात बदबू म्हणते. मी रागावले नाही. तिची दहावीची परीक्षा चालू आहे आणि परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरात रागवायला बंदी आहे. टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद, मोठ्याने शिंकायचीसुद्धा चोरी. सूनबाई बदाम सोलून बशीत घालून दाराबाहेर ठेवते आणि चवड्यांवर परत येते. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. ऑपरेशन चालू असतानाही आम्ही एवढ्या दबक्या पावलांनी वावरलो नाही.

पण मार्च लागला की माझंही काहीतरी बिघडतंच. पहाटे चारला आपोआप जाग येते. उठून करायचं काही नसतं. मग मी खिडकीशी बसते आणि कान देते. कशाला कान देते ते घरात कुणाला सांगत नाही, सांगितलं तर हसतील. मोहाचं फूल झाडावरून पडतं ना, त्याला एक आवाज असतो. अगदी हलका, ओलसर. एक पडतं, मग थोडं थांबून दुसरं, मग उजाडता उजाडता सगळं झाडच पडायला लागतं. इथे आमच्या कॉलनीत मोहाचं झाड औषधाला नाही. तरी मी ऐकते.

आमचं गाव कटंगीपासून चार कोसांवर. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, बांध्यांच्या पलीकडे जंगल, आणि बांधांवर मोहाची जुनी झाडं. कोणतं झाड कोणाचं हे गावाला पिढ्यान् पिढ्या पाठ. आमची पाच होती. फाल्गुनात त्यांच्याखालचा पाला जाळून जमीन काळी करायची, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडातही पिवळसर फुलं उठून दिसतात. मग महिनाभर सगळं घर झाडाखाली. बाया, म्हातारे, लेकरं. फूल पडलं की लगेच वेचायचं, नाहीतर ऊन चढतं, गुरं येतात, आणि कधी कधी अस्वलही येतं. धानानंतर वर्षभराचा आधार तोच. त्यामुळे मोहाच्या दिवसांत शाळेत जातो म्हणणारं लेकरू म्हणजे कामचुकार, अशी साधी समजूत होती.

आणि सरकारची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. पाचवीचा पेपर कटंगीच्या केंद्रावर व्हायचा आणि सगळं वर्ष अभ्यास केलेली पोरं त्या शेवटच्या महिन्यात झाडाखाली हरवायची. पोरींचं तर विचारूच नका. आमच्या गावातली एकही पोरगी तोवर पाचवीच्या पेपराला बसलेली नव्हती.

मेश्राम गुरुजी आले ते साल पासष्ट-सहासष्टचं असावं. मी पाचवीत होते. उंच, सडपातळ, धोतराऐवजी पांढरा पायजमा, खांद्याला खादीची पिशवी. ते राजेगावकडचे, नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या घरातले. हे गावाला त्यांचं सामान बैलगाडीतून उतरायच्या आधीच कळलं होतं. गाव वाईट नव्हतं, पण गाव होतं. तोंडावर "गुरुजी, रामराम" म्हणायचं आणि भाड्याला खोली मात्र कुणाकडे रिकामी नसायची. शेवटी ते शाळेच्याच मागच्या खोलीत राहिले. पाणी बौद्ध मोहल्ल्यातल्या विहिरीवरून स्वतः आणायचे. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही. राज्यांच्या फेररचनेत आमचा भाग हिंदी राज्यात राहिला आणि आमची शाळा मराठीची हिंदी झाली होती. पुस्तक हिंदी, आणि समजावणं आमच्या बोलीत, जिच्यात बायाही 'करतो', 'जातो'च म्हणतात. गुरुजी म्हणायचे, "लिवा हिंदीत, समजा आपल्या भाषेत."

मोह पडायला लागला तसा वर्ग ओस पडला. आधीचे मास्तर अशा वेळी सगळ्यांची हजेरी मांडून टाकायचे आणि स्वतः बाजेवर लवंडायचे. सरकार खूष, गाव खूष. मेश्राम गुरुजींनी तीन दिवस रिकाम्या वर्गाकडे पाहिलं. चौथ्या दिवशी हजेरीचं बुक पिशवीत घातलं आणि पहाटेच बांधावर आले.

"यमुना हरिभाऊ!" मी वाकलेली होते, दचकून उभी राहिले. समोर गुरुजी, हातात बुक.

"हाजिर जी," मी सवयीने म्हणाले.

"पाटी कुठं आहे?"

"घरी."

"उद्यापासून आनजो. झाडाखाली शाळा आहे."

माय पलीकडच्या झाडाखाली वेचत होती. ती तिथूनच म्हणाली, "गुरुजी, पोरगी लिवत बसली तं मोहा कोन वेचन? तुम्ही वेचान का?"

तिने टोमणा मारला होता. गुरुजींनी तो सरळ घेतला. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन आले तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत एक गणित मला तोंडी सांगितलं, माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि म्हणाले, "पाटी तू धर, टोपली मी धरतो." आणि खरंच वाकून वेचायला लागले. मी गणित सोडवेपर्यंत ते वेचत राहिले. गणित लवकर सुटलं तर टोपली अर्धी, नाही सुटलं तर काठोकाठ. मग पाटी तपासायची, चुकलेलं पुन्हा करायला लावायचं आणि पुढच्या झाडाकडे. सोनाच्या झाडाखाली भूगोल, लक्ष्मणच्या झाडाखाली श्रुतलेख. एकेक लेकरू, एकेक झाड. दहाच्या सुमारास सगळ्यांनी शाळेत जमायचं आणि मग दुपारी दीड-दोनपर्यंत वर्ग. सकाळी सातच्या शाळेचा बुडालेला वेळ ते असा पुरा करून घ्यायचे, वर थोडा जास्तच.

बत्तीने, म्हणजे पाटीच्या पेन्सिलीने, लिहिताना माझी बोटं मोहाच्या रसाने चिकट झालेली असायची, आकडे फराटले जायचे. गुरुजींच्या बोटांचंही तेच. हजेरीच्या बुकाची त्या महिन्याची पानं चिकटून बसली होती. पण एक गोष्ट मी पाहिली होती. इतकी फुलं वेचली, तरी त्यांनी एकही फूल कधी तोंडात टाकलं नाही. आम्ही तर येता-जाता चोखायचो. मी एकदा विचारलं, "गुरुजी, तुम्हाले आवडत नाही का?" ते म्हणाले, "आवडते. पन तुमच्या झाडाचं आहे."

आणि आता जे सांगायचं ते सांगायला मला अजून जड जातं. गुरुजींनी भरलेली टोपली मी घरी घेऊन गेले की माय ती अंगणाबाहेर ठेवायला लावायची. तांब्यातून पाणी घेऊन फुलांवर शिंपडायची आणि मगच आत घ्यायची. मोहाला पाणी लागलं की तो नीट सुकत नाही, काळा पडतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या अंगणात त्या वर्षी वाळत घातलेल्या मोहात जागोजाग काळे डाग होते. नुकसान पत्करायचं, पण शिंपडायचं. मी काही म्हटलं तर म्हणायची, "रीत आहे माय, तुले काय समजते." एकदा गुरुजी काही विचारायला घरापाशी आले आणि तांब्या मायच्या हातातच होता. त्यांनी पाहिलं. मायने पाहिलं की त्यांनी पाहिलं. मी जमीन पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे आले, टोपली घेतली, वाकले. त्या दिवशी मला साधी बेरीजही येईना.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. आम्ही चार पोरी पेपराला बसणार हे ठरलं होतं, आणि ते ठरवायला गुरुजींनी प्रत्येक घराच्या ओट्याबाहेर उभं राहून चपला झिजवल्या होत्या. बाबा म्हणाले होते, "तुम्ही नेत असान अन् तुम्हीच आनत असान, तरच." गुरुजी म्हणाले होते, "मीच नेतो, मीच आनतो." आमची परीक्षा अशी एका माणसाच्या शब्दावर टांगलेली होती.

एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घरी चालले होते. शाळेसमोर सायकल टेकवून एक साहेब उभे होते. डोक्यावर हॅट, घामाने भिजलेला सदरा. शाळेला कुलूप.

"क्यों बेटी, आज छुट्टी है क्या?"

"नहीं जी."

"तो तुम्हारे गुरुजी कहाँ हैं?"

आता मला सांगा, अकरा वर्षांच्या पोरीला आपल्या गुरुजींचा मोठेपणा सांगायची संधी मिळाली तर ती काय करेल? मी टोपली खाली ठेवली आणि छाती फुगवून माझ्या सगळ्या हिंदीनिशी सांगितलं, "गुरुजी मोहा बीन रहे हैं. हमारी टोकरी रोज वोइच भरते. ये देखो, पूरी भर दी!"

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं. मग खिशातून वही काढली, माझं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि लिहून घेतलं. मला वाटलं, गुरुजींना बक्षीस मिळणार. मी उड्या मारत घरी गेले.

आठवड्याने बालाघाटहून कागद आला. शाळेच्या वेळेत शाळा बंद ठेवून शिक्षक मोह गोळा करतो आणि विद्यार्थ्यांना कामाला लावतो, असा आरोप. लेखी खुलासा द्या, साहेब जबाब घ्यायला येतील, तोवर निलंबन का करू नये ते सांगा. गावात बातमी पसरायला काय लागतं? पारावर माणसं बसली. "नोकरी जाते आता," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आपल्याले काय करायचं? सरकारचा कागद आहे." तिसऱ्याने विचारलं, "पन साहेबाले सांगतलं कोनं?" मी मंदिराच्या मागे उभी राहून ऐकत होते. गुरुजी गेले तर आम्हा चौघींचा पेपर गेला, हे एक. आणि ते माझ्यामुळे गेले, हे दुसरं. हे दुसरं पहिल्यापेक्षा फार जड होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी सगळ्यांत आधी माझ्याच झाडाखाली आले. मला वाटलं, कळलं वाटतं. पण ते नेहमीसारखं म्हणाले, "यमुना हरिभाऊ," आणि टोपलीसाठी हात पुढे केला. मला हुंदका फुटला. "पोट दुखते का?" त्यांनी विचारलं. मी "हौ" म्हणाले. त्यांनी मला घरी पाठवलं.

घरी मी मायला सगळं सांगितलं. ती निवडत होती ते सूप तिने खाली ठेवलं. मारील असं वाटलं होतं, पण तिने मारलं नाही. खूप वेळ अंगणातल्या काळ्या पडलेल्या मोहाकडे पाहत राहिली.

साहेब आले, तेच हॅटवाले. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्ची, टेबल, शेजारी कारकून. गावातली माणसं एकेक करून पुढे गेली आणि सगळ्यांचा जबाब एकच, "आम्हाले काही मालूम नाही साहेब." बाबाही तेच म्हणाले. भीती होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. आपल्यातला मास्तर असता तर हीच माणसं टेबल उलथवून आली असती. मी हे तेव्हा समजू शकत नव्हते, आज समजते आणि आजही लाज वाटते. गुरुजी भिंतीशी उभे होते. हात मागे, नजर समोर.

माणसांच्या जबाबात बाईमाणसाचं काही काम नव्हतं, तरी माय गर्दीतून पुढे आली. डोक्यावर पदर, कडेवर मोहाची टोपली. ती टोपली तिने टेबलावर ठेवली. कारकून दचकून कागद सावरायला लागला.

"साहेब, ह्या टोपलीचं मी सांगतो," माय म्हणाली. "हे गुरुजीनं भरली. रोज तेच भरतेत. पोरगी खरं बोलली. पन तिनं अर्धंच सांगतलं. गुरुजी वेचत होते तवा माह्या पोरीचे दोन्ही हात पाटीवर होते. मीच म्हटलं होतं, मोहा कोन वेचन, तुम्ही वेचान का. म्हणून वेचत होते. एक फूल घरी नेलं नाही त्या मानसानं."

साहेब काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "अन् मी काय केलं? त्याइनं भरलेल्या टोपलीवर पानी शिपडून घरात घेतलं. त्याइनं पाह्यलं. तरी दुसऱ्या रोजी आले. लिवाचं असन तं हे लिवा."

बाबा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. गुरुजींची नजर पहिल्यांदाच समोरून हलली. साहेबांना तिची बोली किती कळली, देव जाणे. त्यांनी मला बोलावलं, पाटी दिली आणि भागाकाराचं एक गणित घातलं. मोहाच्या झाडाखाली असे भागाकार मी कितीतरी केले होते. उत्तर आलं. त्यांनी दुसरं घातलं. तेही आलं. मग त्यांनी सोनाला बोलावलं, लक्ष्मणला बोलावलं. शेवटी वही मिटली, पाणी मागितलं आणि निघून गेले.

गुरुजींना काढलं नाही. पण सुटलेही नाहीत. शाळेची वेळ मोडल्याबद्दल त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात ताकीद चढली आणि शाळा इमारतीतच भरवायची, असा हुकूम आला. पुढे कित्येक मास्तरांना राज्याची मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या. मेश्राम गुरुजींचं नाव प्रत्येक वेळी त्या एका ओळीपाशी अडकलं.

हुकूम त्यांनी पाळला. शाळा सातला इमारतीत उघडायची. मात्र चार ते साडेसहा ते झाडाखाली असायचे, कंदील घेऊन. "शाळेच्या टायमाआधी मी कुठं उभा राहतो, ते माह्यं पाहनं आहे," म्हणाले. आणि जबाबाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली टोपली घेऊन मी अंगणाबाहेर थांबले, नेहमीसारखी. माय दारात आली. हातात तांब्या नव्हता. "उभी काहून राह्यली? आन घरात," ती म्हणाली. टोपली कोरडीच घरात गेली.

आम्ही चौघी बैलगाडीतून कटंगीला गेलो. त्यांनी नेलं, त्यांनीच आणलं. तिघी पास झालो. सोना नापास झाली आणि पुढच्या वर्षी पास झाली, कारण गुरुजी पुढच्या वर्षीही पहाटे तिच्या झाडाखाली होते.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी ते निवृत्त झाले. तोवर मी बालाघाटच्या दवाखान्यात लागले होते. गावाने सत्कार ठेवला, सरकारने नव्हे. त्याच वऱ्हांड्यात. दिवस पुन्हा मोहाचेच. शाल, नारळ, हार झाले. भाषणं झाली आणि ज्यांना काही मालूम नव्हतं त्यांनीच सगळ्यांत लांब केली. गर्दी ओसरल्यावर माय आली. केस पिकायला लागले होते. हातात बांबूची नवी टोपली, त्यात मोहाचे लाडू.

"आता तं घ्या गुरुजी," ती म्हणाली. "आता कोनी कागद नाही लिवत."

गुरुजींनी दोन्ही हातांनी टोपली घेतली. एक लाडू उचलला आणि तिथेच, तिच्यासमोर, खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. "आवडते मले हे," म्हणाले. तेरा वर्षांनी.

मला राहवलं नाही. "गुरुजी, त्या साली साहेबाले मीच सांगतलं होतं."

"मालूम आहे. कागदावर तुह्यं नाव होतं, बापाच्या नावासकट."

म्हणजे ज्या पहाटे ते सगळ्यांत आधी माझ्या झाडाखाली आले, त्या पहाटे त्यांना ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, "मंग तुम्ही मले बोलले काहून नाही?"

"काय बोलू? हापिसातला बाबू म्हने, खुलाशात लिवून द्या का पोरगी खोटं बोलते, मामला खतम. मी लिवलं, पोरगी खरं बोलते." ते हसले. "दोन हप्त्यांनी तुही परीक्षा होती, यमुना. सरकारी कागदावर खोटी पाडलेली पोरगी घेऊन मी कोनत्या तोंडानं कटंगीले गेलो असतो?"

तेवढ्यात नवे गुरुजी आतून रजिस्टर घेऊन आले. शाळेचा चार्ज सोपवल्याची शेवटची सही राहिली होती. मेश्राम गुरुजींनी खिशातला पेन काढायला हात हलवला, पण टोपली दोन्ही हातांत होती. ते इकडेतिकडे पाहू लागले, कुठे ठेवावी म्हणून.

मी पुढे झाले आणि हात पसरले.

"द्या गुरुजी," मी म्हणाले. "टोपली मी धरतो. तुम्ही लिवा."